'इंद्रजाल' का ओसरले? एका चित्रकथामालिकेच्या उत्तरकाळाचा हिशेब

पन्नाशी-साठी ओलांडलेल्या मराठी वाचकांपुढे 'इंद्रजाल कॉमिक्स'चा विषय काढला, की बोलणे दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात वेताळाची कवटीच्या आकाराची गुहा, गुंडांच्या जबड्यावर कायमची उमटणारी अंगठीची खूण, जादूगार मँड्रेकचा झनाडू, लोथारचे बाहुबळ हे सगळे भराभर निघते. दुसऱ्या टप्प्यात एक सुस्कारा येतो : "पण नंतरनंतर त्यात काही राम राहिला नाही." हा सुस्कारा इतका सार्वत्रिक आहे, की तो केवळ बालपणाच्या आठवणीतला गोडवा म्हणून सोडून देता येत नाही. ज्यांनी १९८०च्या दशकात पहिल्यांदा 'इंद्रजाल' हातात घेतले, त्यांनाही जुने अंक अधिक आवडत. म्हणजे वाचकाचे वय वाढले आणि चव बदलली, एवढ्याने याचा उलगडा होत नाही. मालिकेतच काहीतरी घडले होते.

ते काय, याची तीन उत्तरे साधारणपणे दिली जातात. दूरदर्शनने मुले पळवली, हे पहिले. वेताळाचे लग्न झाले आणि त्याच्यातला दरारा गेला, हे दुसरे. बाजारात हिंदीतली नवी, भडक कॉमिक्स आली, हे तिसरे. तिन्हींत थोडे तथ्य आहे. पण तिन्ही उत्तरे विक्री का घसरली हे सांगतात, गोष्टी पातळ का झाल्या हे सांगत नाहीत. त्यासाठी अंकांच्या संख्येचा आणि गोष्टींच्या पुरवठ्याचा साधा हिशेब मांडावा लागतो. तो हिशेब मांडला, की 'इंद्रजाल'चा उतार हा बराचसा त्याच्या यशातूनच निघालेला दिसतो.

मुंबईचे रोपटे

'इंद्रजाल कॉमिक्स'चा पहिला अंक मार्च १९६४ मध्ये निघाला. प्रकाशक होते बोरीबंदरचे बेनेट, कोलमन आणि कंपनी, म्हणजे 'टाइम्स ऑफ इंडिया'चे मालक. त्या अंकाचा नायक होता 'फँटम', मराठी आणि हिंदी आवृत्त्यांतला 'वेताळ'. मराठी मुलांना हे नाव परके नव्हते. झाडावरच्या प्रेतात शिरून विक्रम राजाला कोड्यात टाकणारा वेताळ त्यांना 'चांदोबा'मुळे ठाऊक होताच. आता त्याच नावाचा दुसरा एक जण चुस्त पोशाख आणि मुखवटा चढवून पांढऱ्या घोड्यावरून आला. मूळ इंग्रजीतले 'चालणारे भूत' हे बिरुद पाहता नावाची निवड अचूक होती.

पहिले ३२ अंक एकट्या वेताळाचे होते. त्यानंतर मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी, बझ सॉयर असे इतर नायक आलटूनपालटून येऊ लागले. अमेरिकेतल्या 'किंग फीचर्स सिंडिकेट'कडून वृत्तपत्रांसाठीच्या चित्रपट्ट्या विकत घ्यायच्या, त्या कापून पुस्तकाच्या पानात बसवायच्या, फुग्यांतला मजकूर भारतीय भाषांत लिहायचा आणि वर बी. गोविंद यांच्यासारख्या चित्रकाराचे नवे रंगीत मुखपृष्ठ चढवायचे, अशी ही रचना होती. सुरुवातीच्या काळात 'टाइम्स'मध्ये असलेले अनंत पै यांचा या उपक्रमाशी संबंध होता. पुढे १९६७ मध्ये 'अमर चित्र कथा' सुरू करणारे ते हेच. १९९० मध्ये मालिका बंद पडली तोवर तिचे ८०३ अंक निघाले होते.

उपनगरातला वाचक

हा वाचक कुठे राहत होता, हे पाहणे उपयोगाचे आहे. १९६० आणि ७०च्या दशकांत गिरगाव, परळ, दादरमधली मराठी कुटुंबे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड अशी दूर दूर सरकत होती. वडील लोकलने जा-ये करत. स्टेशनावर व्हीलरचा स्टॉल असे आणि पगाराच्या आठवड्यात तिथून एखादे 'इंद्रजाल' घरी येई. पण महिन्याच्या खर्चात दर अंक विकत घेणे बसत नसे. खरे वाचन चाले ते फिरत्या वाचनालयांवर. इमारतीच्या तळमजल्यावरचा गाळा किंवा जिन्याखालची जागा, थोडी अनामत रक्कम आणि अंकामागे दिवसाचे काही पैसे भाडे. फाटू नयेत म्हणून वाचनालयवाले पाच-सहा अंक एकत्र शिवून त्यांना जाड पुठ्ठा लावत. याशिवाय रद्दीवाला होताच.

या व्यवस्थेचे दोन परिणाम झाले. एक प्रकाशकाच्या बाजूने : एका विकलेल्या प्रतीमागे कितीतरी वाचक असत, पण पैसे एकाच प्रतीचे मिळत. लोकप्रियता आणि उत्पन्न यांच्यात असे अंतर असले, की उत्पन्न वाढवण्याचा सोपा मार्ग म्हणजे अधिक वेळा अंक काढणे. दुसरा परिणाम वाचकाच्या बाजूने : वाचनालयात नवा आणि दहा वर्षांपूर्वीचा अंक शेजारीशेजारी असे. दैनिक शिळे होते आणि विसरले जाते, मासिकाचे जुने अंक माळ्यावर जातात. 'इंद्रजाल'चे तसे झाले नाही. त्याच्या प्रत्येक नव्या अंकाला आपल्याच जुन्या अंकांशी स्पर्धा करावी लागत होती आणि तीही समान भाड्यात. दर्जातला फरक मुलांच्या लगेच ध्यानात येई, याचे कारण त्यांची रसिकता जेवढी, तेवढेच वाचनालयाचे फडताळ.

कात्रीचे काम

जुन्या अंकांविषयी एक गैरसमज आधी दूर करायला हवा. ते अंक मूळ कथा जशीच्या तशी देत नव्हते. वेताळाच्या गोष्टीसाठी सुरुवातीला २८ पाने ठरलेली होती. उरलेल्या पानांवर सामान्यज्ञान आणि इतर मजकूर असे. मूळ गोष्ट त्या २८ पानांत मावत नसे, म्हणून चौकटी गाळल्या जात. म्हणजे काटछाट सुवर्णकाळातही होती. मग ती तेव्हा खटकली का नाही?

याचे उत्तर वृत्तपत्रीय चित्रपट्टीच्या स्वभावात आहे. रोज तीन-चार चौकटी वाचणाऱ्या वाचकाला काल काय झाले हे आठवून द्यावे लागते. त्यामुळे पट्टीची पहिली चौकट बऱ्याचदा उजळणीची असते आणि शेवटची उत्सुकता ताणणारी. महिनोन्महिने चालणाऱ्या गोष्टीत अशा उजळणीच्या चौकटी शेकड्याने साचतात. पुस्तकात सलग वाचताना त्या अडखळवतात. मुंबईच्या संपादकांची कात्री प्रामुख्याने या साचलेल्या चौकटींवर चालली असेल, तर गोष्टीचे नुकसान कमी आणि फायदा अधिक. 'इंद्रजाल'चा वेताळ अमेरिकन वृत्तपत्रातल्या वेताळापेक्षा वेगवान भासतो तो यामुळे. त्यात देवनागरीच्या वेलांट्या-उकारांना फुग्यात उभी जागा जास्त लागते. इंग्रजी मजकुरासाठी काढलेल्या फुग्यात मराठी वाक्य बसवायचे, तर ते आखूडच करावे लागे. या बंधनातून एक तुटक, ठसकेबाज बोली तयार झाली.

कात्री आणखी एका कामासाठी वापरली गेली. ली फॉकने १९३६ मध्ये फँटम लिहायला घेतला, तेव्हा त्याचे जंगल भारताच्या आसपास कुठेतरी होते आणि त्याचे पिढीजात वैरी होते 'सिंग' नावाचे चाचे. भारतीय आवृत्तीत हे चालण्यासारखे नव्हते. 'सिंग'चे 'सिंगा' झाले. वेताळाच्या पित्याला मारणारा 'रामा' हा 'रामालू' झाला. 'बंगाला' हे देशाचे नाव बंगालची आठवण करून देणारे, म्हणून त्याचे 'डेंकाली' केले गेले. काळ्या टोळ्यांवर धाक ठेवणारा गोरा माणूस या मूळ कल्पनेतली वसाहतवादी गाठ अशा नामांतराने सुटत नाही, हे खरेच. तरीही संपादक हातातला मजकूर वाचून, विचार करून, आपल्या वाचकासाठी तयार करत होते, एवढे यातून नक्की दिसते. आयात केलेल्या मालावर इतके हात फिरवायला वेळ लागतो आणि तो वेळ तेव्हा होता, कारण मालिका मासिक होती.

विहीर आणि रहाट

आता मुख्य हिशेब. १९६४ मध्ये 'इंद्रजाल' सुरू झाले तेव्हा फँटमच्या मागे २८ वर्षांचा साठा होता. रोजची पट्टी १७ फेब्रुवारी १९३६ पासून आणि रविवारची १९३९ पासून चालू होती. रोजची एक गोष्ट साधारण चार-पाच महिने चाले. रविवारच्या गोष्टी स्वतंत्र असत. दोन्ही मिळून वर्षाकाठी पाच-सहा गोष्टी हाती लागतात. या ढोबळ मापाने मुंबईच्या संपादकांपुढे दीडशेच्या आसपास तयार गोष्टी होत्या. मँड्रेक तर १९३४ पासूनचा, म्हणजे त्याचाही तेवढाच मोठा साठा. अशा भरलेल्या विहिरीतून महिन्याला एक बादली काढायची होती. निवड करायला मुबलक वाव होता. चांगले ते घ्यायचे, बेताचे ते ठेवून द्यायचे. जुन्या वाचकांना आठवणारा 'इंद्रजाल'चा बहर हा अर्धा ली फॉकच्या प्रतिभेचा आणि अर्धा या निवडीचा होता.

मालिका लोकप्रिय झाली आणि मासिकाची पाक्षिक झाली. १९८०च्या दशकात ती साप्ताहिक झाली. वर्षाला १२ अंकांवरून २६ आणि मग ५२. विहिरीत येणारे पाणी मात्र तेवढेच राहिले. फँटमच्या वर्षाला पाच-सहा आणि मँड्रेकच्या तेवढ्याच, म्हणजे दोघांच्या मिळून दहा-बारा नव्या गोष्टी. ५२ अंकांची गरज आणि बारा गोष्टींची आवक, हे गणित साठ्यावर काही वर्षे चालते. त्यानंतर तळ दिसू लागतो.

यात आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. फँटम आणि मँड्रेक या दोघांचाही लेखक एकच होता. दोन नायक, दोघांच्या रोजच्या आणि रविवारच्या पट्ट्या, अशा चार मालिका ली फॉक एकटा लिहीत होता आणि मार्च १९९९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने लेखणी ठेवली नाही. चित्रकार बदलत गेले. फँटमसाठी आधी रे मूर, मग विल्सन मॅकॉय आणि मॅकॉयच्या मृत्यूनंतर १९६१ पासून १९९४ पर्यंत साय बॅरी. मँड्रेकचा फिल डेव्हिस १९६४ मध्ये गेला आणि त्याची जागा फ्रेड फ्रेडरिक्सने घेतली. लेखक मात्र तोच. मुंबईतल्या आठवड्याच्या अंकाची भूक भागवण्यासाठी त्याने अधिक लिहावे, अशी सोयच नव्हती. त्याला ठरलेल्या चौकटी रोज भरायच्या होत्या, आणि साठ वर्षे त्याने त्या भरल्या.

विहीर आटू लागली की शेतकरी जे करतो तेच संपादकांनी केले. एक, शेजाऱ्यांच्या विहिरीतून पाणी आणले. केरी ड्रेक, माइक नोमॅड, ब्रिटनचा गार्थ असे नायक वाढत गेले. त्यांतले काही चांगले रेखाटलेले होते. रिप कर्बीसारखा चष्मेवाला, पाइप ओढणारा गुप्तहेर प्रौढ वाचकाला आजही आवडेल. पण वेताळ मिळेल म्हणून भाडे मोजलेल्या बोरिवलीच्या मुलाला अमेरिकन शहरातल्या पोलिसी तपासाशी काय देणेघेणे? दोन, बादली लहान केली. एक गोष्ट दोन अंकांत विभागून देणे सुरू झाले. इथे वाचनालयाची व्यवस्था आड आली. पहिला भाग हाती लागे तेव्हा दुसरा कुणीतरी नेलेला असे. पूर्वी पंधरा मिनिटांत एका बैठकीत पुरी होणारी गोष्ट अर्धवट तुटू लागली, आणि 'एका अंकात एक जग' हा जो 'इंद्रजाल'चा अलिखित करार होता, तो मोडला.

चौकटी आक्रसल्या

पाण्याची आवक तेवढीच राहिली असे वर म्हटले. खरे तर तीही पातळ होत चालली होती आणि याला मुंबई जबाबदार नव्हती. अमेरिकन वृत्तपत्रे कागद वाचवण्यासाठी चित्रपट्ट्यांची जागा वर्षानुवर्षे कमी करत आली होती. दुसऱ्या महायुद्धातल्या कागदटंचाईपासून ही प्रक्रिया सुरू झाली आणि कागद महागल्यावर तिला वेग आला. एके काळी पानाच्या रुंदीभर पसरणारी पट्टी लहान होत गेली. चारऐवजी तीन चौकटी, पुढे कधी दोनच. विनोदी पट्टीला हे परवडते, तिला एक मुद्दा आणि एक टोला पुरतो. साहसकथेला ते मारक ठरते. जंगल दाखवायला जागा लागते. पाठलागाला, शांततेला, भीतीला जागा लागते.

आठवड्याचे सहा दिवस आणि रोज चार चौकटी धरल्या तर आठवड्याला २४ चौकटी होतात. तीन धरल्या तर १८. वीस आठवड्यांच्या गोष्टीत हा फरक १२० चौकटींचा पडतो. उजळणीची चौकट मात्र रोज लागतेच, ती वगळता येत नाही. म्हणजे चारांपैकी तीन चौकटी पुढे सरकत होत्या, तिथे आता तिनांपैकी दोनच सरकू लागल्या. जागा पावपट घटली आणि पुढे सरकणारी गोष्ट तिसऱ्या हिश्शाने. लेखक तोच, चित्रकारही कसलेला, तरी गोष्ट अशक्त. साय बॅरीच्या उत्तरकाळातल्या कामात चेहरे जवळून, पार्श्वभूमी कमी आणि संवाद जास्त दिसतात त्याचे एक कारण हे आहे. अशा आधीच आटलेल्या गोष्टीवर मुंबईची कात्री चालली, की पूर्वी ज्या कापणीने वेग यायचा, तिनेच आता दुवे तुटू लागले.

लग्नाचा दोष किती?

डिसेंबर १९७७ मध्ये फँटमने डायनाशी लग्न केले. १९७९ मध्ये त्यांना जुळी झाली, किट आणि हेलॉईज. वेताळ बाप झाला, आणि तिथेच तो संपला असे बरेच वाचक मानतात. मला हा दोषारोप अपुरा वाटतो. फँटमच्या कल्पनेचा गाभाच वंशपरंपरा हा आहे. चारशे वर्षे बाप गेला की मुलगा मुखवटा चढवतो, म्हणून जंगलाला वाटते की हा अमर आहे. सध्याचा वेताळ एकविसावा. त्याने लग्न केलेच नसते तर बाविसावा कुठून येणार? चाळीस वर्षे रेंगाळलेले लग्न लावून फॉकने आपल्याच कथेतले एक देणे फेडले.

शिवाय फॉकने काळाप्रमाणे बदलही केले. आफ्रिकेतले देश स्वतंत्र होत गेले, तसा त्याने जंगलालगतच्या राष्ट्राला निवडून आलेला कृष्णवर्णीय अध्यक्ष दिला, लमांडा लुआगा. डायनाला संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी दिली. आणि गुहेतल्या बखरींची जी युक्ती त्याने योजली होती, तिच्यामुळे मागच्या वीस वेताळांपैकी कुणाचीही गोष्ट केव्हाही काढता येई. कल्पनेचा दुष्काळ पडला होता असे म्हणता येत नाही. जुळ्यांच्या काळातही बखरीतल्या गोष्टींना जुनी चव होती. कमी होती ती त्या मांडायला लागणारी पाने.

बहादूर : स्वतःची विहीर

'टाइम्स'च्या संपादकांना हे गणित कळत नव्हते असे नाही. डिसेंबर १९७६ मध्ये त्यांनी स्वतःची विहीर खणली. आबिद सुरती यांनी लिहिलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी चितारलेला 'बहादूर' हा 'इंद्रजाल'चा पहिला भारतीय नायक. 'धर्मयुग'मधल्या 'ढब्बूजी'मुळे सुरती यांचे नाव हिंदी वाचकांच्या घरोघरी होते. बहादूर हा जयगढचा, कुर्ता आणि जीन्स घालणारा, डाकूचा मुलगा. बापाला मारणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचा सूड घ्यायला निघतो, बापाने काय काय केले होते हे कळल्यावर त्याचे डोळे उघडतात, आणि तो गावकऱ्यांचे नागरी संरक्षण दल उभारतो. चंबळच्या डाकूंच्या शरणागतीच्या बातम्या लोकांच्या मनात ताज्या होत्या. वृत्तपत्रातले नाव आणि कॉमिकमधले गाव यांत फारसे अंतर नव्हते. त्याची सोबतीण बेला ही लढणारी होती, हेही त्या काळी नवे होते.

बहादूरने मालिकेला नवे रक्त दिले यात शंका नाही. पण तोही पुढे चाकोरीत गेला आणि त्याची कारणे शिकण्यासारखी आहेत. पहिल्या गोष्टीतला पेच, बापाचे प्रेम की न्याय, हा फार मोठा होता आणि तो तिथेच सुटला. त्यानंतर बहादूर हा फक्त सज्जन आणि कर्तबगार माणूस उरला. वेताळाला कवटीवर घेतलेली शपथ आहे, ती प्रत्येक पिढीत नव्याने घ्यावी लागते. बहादूरपाशी असे न संपणारे ओझे राहिले नाही. पुढे सुरती यांच्याऐवजी जगजीत उप्पल यांनी कथा लिहिल्या. डाकूंच्या जागी तस्कर आणि दहशतवादी आले, पण नायकाला आतून काही गमवावे लागेल अशी गोष्ट क्वचित आली. त्यात अंक वेळेवर काढायची घाई. परदेशी पट्टी विकत घेण्यापेक्षा नवी गोष्ट लिहून चितारून घ्यायला कितीतरी जास्त वेळ आणि पैसा लागतो. एकट्या बहादूरच्या जिवावर ५२ आठवड्यांची भूक भागणे शक्य नव्हते. हेच आबिद सुरती पुढे मिरा रोडला राहत असताना घरोघरी जाऊन गळके नळ फुकट दुरुस्त करून देऊ लागले, ते सर्वांना माहीत आहे. थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाचा नायक घाईच्या हिशेबात अडकावा, हा योगायोग चुटपुट लावणारा आहे.

टॉम, जेरी आणि तोच हिशेब

हा हिशेब 'इंद्रजाल'पुरता नाही. पुढच्या पिढीच्या लाडक्या 'टॉम अँड जेरी'चेही असेच झाले. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीने १९४० ते १९५८ या काळात एमजीएमसाठी ११४ लघुपट केले आणि सात ऑस्कर मिळवले. सात-आठ मिनिटांच्या एका लघुपटावर महिनोन्महिने काम चाले. वर्षाला सरासरी सहा लघुपट. फँटमच्या गोष्टींचा वेगही साधारण एवढाच होता, हे सहज ध्यानात येते. १९५७ मध्ये एमजीएमने हा विभाग बंद केला. पुढे प्रागमध्ये जीन डाइचने १३ आणि नंतर चक जोन्सने ३४ लघुपट केले. ते मूळ जोडीचे नव्हते, म्हणून वेगळे वाटतात हे समजू शकते. पण १९७५ मध्ये खुद्द हॅना-बार्बेरांच्याच कंपनीने दूरचित्रवाणीसाठी टॉम अँड जेरी केले, तेव्हा ते सर्वांत फिके उतरले. त्यात मांजर आणि उंदीर चक्क मित्र होते आणि जेरीच्या गळ्यात बो होता. हिंसा नको हा वाहिनीचा नियम होता. आणि आठवड्याच्या कार्यक्रमासाठी थोडक्या चित्रांत भागवायचे होते. कंपनी तीच, पात्रेही तीच, आणि तरीही पाठलागातला जीव गेला होता. दर्जा माणसात असतो हे खरे, पण त्याला मिळणाऱ्या वेळातही असतो.

यावर जगात दोन तोडगे निघाले. एक थांबण्याचा. टिनटिनचा निर्माता एर्जे १९८३ मध्ये वारला, आणि त्याच्या इच्छेनुसार नवी टिनटिनकथा निघाली नाही. 'पीनट्स'च्या चार्ल्स शुल्झने पन्नास वर्षे स्वतःच्या हाताने पट्टी काढली. फेब्रुवारी २००० मध्ये त्याच्या निधनाच्या दुसऱ्या दिवशी शेवटची पट्टी छापून आली आणि ती तिथेच थांबली. दुसरा तोडगा आपल्याच मुंबईतला. अनंत पैंच्या 'अमर चित्र कथा'ने चारशेहून अधिक शीर्षके काढली, १९९१ च्या सुमारास नवी निर्मिती जवळजवळ थांबवली आणि पुढे बरीच वर्षे पुनर्मुद्रणावर मालिका जगवली. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम या मराठी चित्रकारांचे काम त्यामुळे आजच्या मुलांच्या हातात पडते. मागे पुराणांची आणि इतिहासाची अथांग विहीर होती हे खरे, पण दर वर्षी आठ वर्षांची नवी मुले जन्माला येत असतात, त्यांना जुनी चांगली गोष्ट नवीच असते, हे व्यवहारज्ञान त्यामागे होते. 'इंद्रजाल'ने नियतकालिक राहणे पत्करले. नियतकालिकाला दर आठवड्याला 'नवे' असल्याचा आव आणावा लागतो.

दूरदर्शनचा घाव

मग दूरदर्शनचे काय? मुंबई केंद्र ऑक्टोबर १९७२ मध्ये सुरू झाले आणि त्यानंतरही दहा-बारा वर्षे 'इंद्रजाल' जोरात होते. रंगीत संच, व्हिडिओ, आणि जानेवारी १९८७ पासूनचे रविवार सकाळचे 'रामायण' हे सारे नंतरचे. उपनगरांतल्या ज्या गाळ्यांत कॉमिक्स भाड्याने मिळत, त्यांतल्या काहींत व्हिडिओ कॅसेटी आल्या. दिल्लीहून राज कॉमिक्सचा 'नागराज' आला, ज्याचे सुरुवातीचे रूप पुण्याच्या प्रताप मुळीकांनीच घडवले होते. हे घाव खरे होते. पण ते एका आधीच अशक्त झालेल्या शरीरावर बसले. १९७० मध्ये असा स्पर्धक आला असता तर 'इंद्रजाल'ने वर्षाला थोडेच पण निवडक अंक काढून त्याला तोंड दिले असते. १९८७ मध्ये त्याच्यापाशी निवडायला काही उरले नव्हते.

नुकसान मात्र मराठीचे अधिक झाले. इंग्रजी वाचणाऱ्या मुलाला पुढे टिनटिन, अॅस्टरिक्स मिळाले. हिंदी वाचणाऱ्याला नागराज, चाचा चौधरी मिळाले. फक्त मराठी वाचणाऱ्या मुलासाठी शाळेच्या पुस्तकाबाहेरचे, स्वस्त, दर आठवड्याला हातात पडणारे, एका बैठकीत संपणारे चित्रमय वाचन पुन्हा त्या प्रमाणात उभे राहिले नाही. मुलुंडच्या किंवा अंधेरीच्या मराठी शाळेतली मुले नव्वदच्या दशकात हिंदी कॉमिक्सकडे आणि कार्टून वाहिन्यांकडे वळली, आणि सवडीची त्यांची भाषा हळूहळू बदलली. आज आपण ज्याला मराठी वाचक घटला म्हणतो, त्याची एक सुरुवात या रिकाम्या जागेत आहे.

आज मराठीत मुलांसाठी चित्रकथा काढू पाहणारे प्रकाशक आणि चित्रकार आहेत. त्यांच्यासाठी 'इंद्रजाल'चा धडा सोपा आहे. वर्षाला किती गोष्टी खरोखर चांगल्या होऊ शकतात हे आधी मोजावे आणि मगच किती अंक काढायचे ते ठरवावे. सहा होणार असतील तर सहाच काढावेत. उरलेल्या महिन्यांत जुने चांगले पुन्हा छापावे, लाज वाटण्याचे कारण नाही. आणि ज्यांच्या माळ्यावर 'इंद्रजाल'चे मराठी अंक अजून बांधून ठेवलेले असतील, त्यांनी ते रद्दीत देण्याआधी जवळच्या ग्रंथालयाला विचारावे. कॉमिक्स जपून ठेवायची असतात, असे आपल्याकडे कुणाला वाटले नाही. त्यामुळे त्या मराठी फुग्यांमधली ती आखूड, ठसकेबाज वाक्ये कुणी लिहिली, त्यांतल्या बहुतेकांची नावेही आज वाचकाला सांगता येत नाहीत. ती वाक्ये तरी राहावीत.